गुरुवारची फळी

पोर्ट कार्विन
१९ मे, सोमवार

प्रिय मायलो,

सगळ्यात आधी आला तो टेव्हिटा, आपल्या स्टोकर्स संघाचा नवा डावीकडचा टॅकल, आणि आला तोही पावणेपाचला. जेवायला सहाला बोलावलं होतं. माझे हात कोपरापर्यंत पिठात, केसांत अजून रोलर, आणि समोरच्या आयरीनचा फोन, "वेर्ना, तुझ्या अंगणात कुणीतरी फ्रिज आणून ठेवलाय, आणि तो चालतोय." पडदा सारून बघते तर हा. सहा फूट सात इंच, हातात फुलं, ती त्याच्या मुठीत दातकोरण्यांसारखी दिसत होती. पुढच्या दाराशी आला, घंटीकडे बघितलं आणि घंटी न वाजवताच घराला वळसा घालून मागच्या दारी गेला. पहिल्यांदा येणारं माणूस आपल्याकडे मागून येत नाही, तिकडे कचऱ्याचे डबे आणि आयरीनचं मांजर. मागच्या पायऱ्या चढताना त्याने तिसरी पायरी गाळली. एवढा अजस्र माणूस, पण टांग टाकून दुसरीवरून एकदम चौथीवर. मायलो, ती पायरी तुझ्या आजोबांच्या फळीतल्या ऑगी डुडेकने मोडली होती, तुझी आई रांगायला लागली होती त्या वर्षी. त्यानंतर दोनदा पायऱ्या नव्या झाल्या, आता तर सिमेंटच्या आहेत. पण ऑगी मरेपर्यंत तिसरी पायरी गाळायचा. आणि हा टेव्हिटा युटामधून आलेला, मार्चपर्यंत ह्याने आपलं गाव नकाशातही पाहिलं नव्हतं. मी दार उघडलं तर म्हणतो, "मिसेस सबोल, लवकर आलो, रागावू नका. पाय आपोआप इकडे वळले." मी कसली रागावते. मी त्याला बटाटे कुस्करायला बसवलं.

पाच पानं भरली तरी कंटाळू नकोस. मला इतका आनंद झालाय की गुरुवारपासून गुडघासुद्धा दुखलेला नाही. चार वर्षांपूर्वी जोको गेला, आजोबांच्या फळीतला शेवटचा तोच राहिला होता, आणि त्या दिवसापासून गुरुवारी संध्याकाळी मी टोस्ट खाऊन झोपते. आणि आता कोच पिल्चर स्वतः टोपी हातात घेऊन आले आणि म्हणाले, "वेर्नाबाई, माझी सगळी फळी नवी आहे, पाचांपैकी कुणी कुणाला ओळखत नाही. मैदानावर मी शिकवेन, पण ह्यांनी एका ताटावर बसायला हवं. तुम्ही गुरुवार परत सुरू कराल का?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, कोच, माझ्याकडे सहा जणांचं टेबल आहे आणि खुर्च्या लोखंडाच्या करून घेतलेल्या आहेत.

तुझ्या आईकडून, पॅटीकडून, तुझी खबर कळते. मानेचा पट्टा निघाला म्हणते, पण डावीकडे बघायचं झालं की तू अजून सबंध खांदा वळवतोस. डॉक्टर म्हणालेत हाड जुळलं, खेळायला हरकत नाही, पण तसाच फटका त्याच जागी पुन्हा बसला तर... पुढचं वाक्य तुझ्या आईने मला फोनवर सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आपल्या घरात ते वाक्य सगळ्यांना पाठ आहे. आणि महिनाअखेरपर्यंत तुला करारावर सही करायची की नाही ते ठरवायचंय. पॅटी म्हणते, "ममा, तू त्याला काही भरवू नकोस." मी काहीच भरवत नाही. मी फक्त गुरुवारी काय झालं ते लिहितेय.

मागच्या आठवड्यात केस करायला गेले तर तिथे नवीन पोरगी, कुठल्याशा वाळवंटातून आलेली. मला विचारते, आजी, ते पाच जाडे पुढे उभे असतात ते करतात तरी काय, चेंडूला हातही लावत नाहीत. मी म्हटलं, मधला लावतो. तो सेंटर. तो पायांमधून चेंडू मागे माझ्या नातवाच्या, म्हणजे क्वार्टरबॅकच्या, हातात देतो, आणि मग पाचही जणांची भिंत होते. सेंटरच्या दोन बाजूंना दोन गार्ड, त्यांच्या बाहेर दोन टॅकल. समोरून रेडे धावून येतात, त्यांना माझ्या नातवापर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच ह्यांचं काम. नातू तीन सेकंद उभा राहिला तर चेंडू फेकतो, नाही राहिला तर आडवा होतो. म्हणाली, मग गेल्या वर्षी? मी म्हटलं, एकसष्ट वेळा आडवा झाला, शेवटच्या वेळी उठला नाही. ती बिचारी कात्री धरून नुसती उभी राहिली. माझा एक कान त्यामुळे झाकला गेलाय, दुसरा उघडा आहे.

नव्या मॅनेजरने गेल्या वर्षीच्या पाचही जणांना एका दिवसात निरोप दिला, हे तुला माहीत आहेच. गावात काय गोंधळ झाला ते तुझ्यापर्यंत पोचलं नसेल. मार्चमध्ये करार संपलेले मोकळे खेळाडू घ्यायची वेळ आली, तर लोकांना पाहिजे होता कुणी वाऱ्यासारखा पळणारा, आणि ह्याने आणले तीन बैल. टेव्हिटा युटाकडचा, टायरस जॉर्जियाचा, तो डावा गार्ड, आणि व्हान्स म्हणून उजवीकडचा. आयरीनचा नवरा म्हणाला, स्टोकर्सनी आता जर्सी शिवण्याऐवजी गोठाच बांधावा. मग एप्रिलमध्ये ड्राफ्ट, कॉलेजातली पोरं पाळीपाळीने निवडायचा दिवस. आम्ही सगळे चर्चच्या हॉलमध्ये पडद्यावर बघत होतो, फादर डोनल पॉपकॉर्न वाटत होते. आपला नंबर नववा. पडद्यावर नाव आलं एल्डन क्राउस, सेंटर, नेब्रास्का, आणि हॉलभर असा सुस्कारा उठला की जणू कुणाची गाय मेली. पहिल्या फेरीत सेंटर कोण घेतं? माझ्या मागे एक जण म्हणाला, मॅनेजरला चष्मा पाठवून द्या रे. त्यानंतर तिसऱ्या फेरीत लुइझियानाचा मार्सेल घेतला, तोवर लोक घरी गेले होते. मी मात्र त्या एल्डनच्या तोंडाकडे बघत राहिले. बावीस वर्षांचा पोर, मका खाऊन वाढलेला, टोपी चढवून कॅमेऱ्याकडे बघून हसला, आणि हसताना त्याने खालचा ओठ दातांखाली धरला. मी फादरना म्हटलं, अहो, हा तर जोको. फादर म्हणाले, वेर्ना, पॉपकॉर्न खा.

तर गुरुवारी. सहाला दहा कमी असताना टायरस आला. तो फार सभ्य आहे, पायपुसण्यावर चार वेळा पाय पुसले. टेबलाशी आल्यावर मी म्हटलं, बाबांनो, कुठेही बसा. माझं तोंड मिटायच्या आत दोघंही बसले. ऑगीच्या खुर्चीत टेव्हिटा, आणि त्याच फळीतल्या बर्नीच्या खुर्चीत टायरस. मी मनात म्हटलं, डावीकडचे डावीकडे बसणारच. पण मी बोलायला लागले की टायरस मान उजवीकडे कलती करून माझ्याकडे कान न्यायचा. बर्नीला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, गिरणीतल्या भोंग्याने गेलेला. तो सगळं जग उजव्या कानाने ऐकायचा आणि फोटोतसुद्धा तसाच वाकडा उभा. मी टायरसला विचारलं, कान दुखतो का रे? तो म्हणाला, "नाही आजी. माझी बायको म्हणते मला भिंतीपलीकडचा उंदीर ऐकू येतो. इथे आल्यावरच डावी बाजू जरा गप्प झालीय." असं म्हणून हसला. मीही हसले. मग उजवीकडचे दोघे आले, व्हान्स आणि मार्सेल, आणि सगळ्यात शेवटी एल्डन, दाराच्या चौकटीत डोकं आपटून. ते एक बरं झालं, जोको कधी आपटला नव्हता. मला वाटलं, चला, निदान हा तरी नवा आहे.

तुला त्या जुन्या पाचांबद्दल मी लहानपणी सांगितलंय, पण सगळं नाही. तीही नवीच फळी होती. तुझ्या आजोबांच्या, लिओच्या, पुढे उभं राहायला क्लबने त्या वसंतात पाच ठिकाणांहून पाच जण गोळा केले होते, जोको तर थेट कॉलेजातून. ऑक्टोबरपर्यंत एकमेकांची आडनावं त्यांना पाठ नव्हती. फळीचा एक नियम आहे, तू जाणतोसच, पण मी तो शिकले तो माझ्या जेवणाच्या टेबलावर. समोरून येणारा माणूस दोघांच्या मधल्या फटीत घुसला तर एकाने ओरडायचं, "माझा." मग दुसरा त्याला सोडतो. गुरुवारी जेवतानाही त्यांना तशी सवय लागावी म्हणून लिओने ठरवून दिलं होतं, की वाटी पुढे आली की हात लावण्याआधी म्हणायचं, माझी. सगळं जेवण नुसतं माझी-माझी. तुझी आई पहिला शब्द तोच शिकली. आणि तरी नोव्हेंबरमध्ये, मी चौदाव्या रांगेत बसले होते, मांडीवर पॅटी, एक माणूस डावा गार्ड आणि सेंटर यांच्या मधून घुसला. मला दिसलं ते एवढंच, की बर्नीने जोकोकडे बघितलं आणि जोकोने बर्नीकडे. दोन हेल्मेटं एकमेकांकडे वळलेली. कुणी काही बोललं नाही. त्यानंतर लिओ अकरा वर्षं त्या समोरच्या खोलीत खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसला, आणि ते पाच जण दर गुरुवारी येत राहिले. तो गेल्यावरही येत राहिले. मी वाढायची, ते जेवायचे, वाटीला हात लावण्याआधी म्हणायचे, माझी. एरवी फारसं बोलायचे नाहीत.

डिसेंबरात मी तुझी मॅच टीव्हीवर बघत होते, आवाज बंद करून, मला त्या लोकांची बडबड सहन होत नाही. तू चेंडू घेतलास, मागे सरकलास, आणि मला दोन हेल्मेटं एकमेकांकडे वळताना दिसली. डावा गार्ड आणि सेंटर. तू पडायच्या आधीच मी खुर्चीतून उठले होते. हे मी पॅटीला सांगितलेलं नाही.

पण मी आनंदाचं लिहायला बसलेय. काय जेवली रे ती पोरं. सारण भरून उकडलेले ऐंशी पिरोगी केले होते, निम्मे बटाट्याचे, निम्मे कोबीचे, आणि नुसत्या सॉसेजचाच एक ट्रे. टेव्हिटाने आधी डोळे मिटून स्वतःच्या भाषेत प्रार्थना म्हटली, मग टायरसने त्याच्या पद्धतीने, आणि मार्सेल म्हणाला, "आता लवकर आमेन म्हणा, नाहीतर मी टेबल खाईन." व्हान्स त्याला म्हणाला, "तू टेबल खाल्लंस तर वजन करायला ट्रकचा काटा लागेल." असे टोमणे मारत होते, अगदी सख्ख्या भावांसारखे, आणि खरं म्हणजे त्या आठवड्याच्या सोमवारपर्यंत एकमेकांना भेटलेही नव्हते. अर्धं जेवण झाल्यावर व्हान्स आणि मार्सेलने आपल्या बशा अदलाबदल केल्या. न बघता, न बोलता, ह्याने उजवीकडे सरकवली, त्याने डावीकडे. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. कारण एकाला कांदा आवडत नाही आणि एकाला आवडतो म्हणून जुने दोघे असंच करायचे, अर्ध्यावर. मी विचारलं, कुणाला कांदा नको होता का? व्हान्स म्हणाला, "मला तर कांदा आवडतो आजी." आणि मार्सेल म्हणाला, "मलाही." आणि मग दोघांनी एकमेकांच्या बशीतलं खाल्लं.

मधेच आयरीन आली, अक्रोडाचा रोल घेऊन, म्हणजे खरं तर बघायला. दारातूनच माझ्या हातात रोल दिला, टेबलाकडे बघितलं आणि एकदम तिचा चेहरा उतरला. मला व्हरांड्यात ओढून नेऊन म्हणते, "वेर्ना, त्यांच्या खांद्यांकडे बघ." मी म्हटलं, काय झालं खांद्यांना, मोठे आहेत. म्हणाली, "एकदम वर जातायत आणि एकदम खाली येतायत. पाचही जण एकाच वेळी श्वास घेतायत." मी आत येऊन बघितलं. खरंच घेत होते. बोलत होते, हसत होते, घास तोंडात होता, पण खांदे मात्र एका लयीत, एखादं मोठं जनावर झोपलेलं असावं तसे. आयरीन कॉफीला थांबली नाही. आयरीन कॉफीला थांबली नाही असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं. मला मात्र ते बघून गार वाटलं, उन्हाळ्यात तळघरात उतरल्यावर वाटतं तसं. छान गार.

कोच पिल्चर दुसऱ्या दिवशी मला बेकरीत भेटले, त्यांनीही तेच सांगितलं वेगळ्या तऱ्हेने. म्हणाले, फळी जमायला वर्ष लागतं, कधी दोन. हे पाच जण पहिल्या सकाळपासून एकाच पावलाने चालतायत. "मी हाक द्यायच्या आधी वळतात, वेर्नाबाई. मला तर बाटली उघडून नाचायला हवं." मग त्यांनी पावाची पिशवी छातीशी धरली. "पण गोल करून उभे राहतात ना, तेव्हा मधे एक जागा सोडतात. मी म्हणतो, जवळ या. येतात. पुन्हा सोडतात. एक माणूस मावेल एवढी." मी म्हटलं, क्वार्टरबॅकची असेल. ते म्हणाले, "हो, पण सरावाला जो क्वार्टरबॅक आहे तो तिथे उभा राहिला तर त्याला धक्का मारून बाहेर काढतात, आणि नंतर माफी मागतात." तुझ्या जागेवर तो ओक्लाहोमाचा पोरगा आहे म्हणे. चांगला आहे, पण घाबरट.

जेवणावर परत येते. सूप मी शेवटी वाढते हे तुला माहीत आहे, सगळे हसतात पण माझ्या आईची पद्धत तीच. मी सूप आणायला उठले तेव्हा एल्डन, तो नेब्रास्काचा पोर, समोरच्या खोलीकडे मान वळवून म्हणाला, अगदी सहज, मीठ मागावं तसं, "लिओ जेवला का?" टेबलावर कुणीही दचकलं नाही. चौघांनीही खिडकीकडे बघितलं. मग एल्डनच लाल झाला, म्हणाला, "सॉरी मिसेस सबोल, मी काहीतरी बोललो का?" मी म्हटलं, नाही बाळा. घरात लिओचा एकही फोटो लावलेला नाही, तुझ्या आईने सगळे ॲरिझोनाला नेले. आणि क्लबच्या भिंतीवरच्या पाटीवर त्याचं नाव लिओपोल्ड आहे.

मायलो, मी सहावीपर्यंत शिकलेय, पण चाळीस वर्षं लाँड्रीत काम केलं, खोटं कापड मला हाताला कळतं. मला वाटलं, हे जे काही आलंय ते आलंय, मला त्याचं भय नाही, उलट मी त्यांची वाट बघत होते. पण हे तेच नोव्हेंबरचे पाच आहेत की त्यानंतरचे? ज्यांनी एकमेकांकडे बघितलं ते, की ज्यांनी पुढची सगळी वर्षं वाटीला हात लावण्याआधी तोंड उघडलं ते? हे मला जाणून घ्यायचंच होतं. तेव्हा मी लहानपणी खोड्या काढायचे तशी एक खोडी काढायचं ठरवलं. सूपचं मोठं पातेलं, उकळतं, दोन्ही कान फडक्यात धरून, मी टेबलाच्या डाव्या बाजूने गेले आणि टायरस आणि एल्डन यांच्या मधे उभी राहिले. गार्ड आणि सेंटर. मनात म्हटलं, आता कलतं करते, बघू कोण काय करतं. करायचं आहे एवढंच मनात आलं होतं. हात हलला नव्हता. आणि टायरस म्हणाला, "माझं." आणि त्याच क्षणी एल्डन म्हणाला, "तुझं, बर्नी." दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. टायरसचे दोन्ही तळवे पातेल्याच्या बुडाखाली होते, उघडे, आणि पातेलं मी अजून सरळ धरलेलं. मग माझ्या हातातून ते खरंच सुटलं, घाबरून नाही, नवल वाटून. एक थेंब सांडला नाही. त्याने ते टेबलावर ठेवलं. मी त्याचे तळवे उलटून बघितले, बर्फ आणायला निघाले, तर तळवे कोरडे, नुसते कोमट. तो म्हणाला, "आजी, सूप गार झालंय का?" सूपला बुडबुडे येत होते.

त्यानंतर त्यांनी भांडी घासली. पाच जण माझ्या त्या एवढ्याशा मोरीपाशी, एकाच्याही कोपराला दुसऱ्याचं कोपर लागलं नाही. आठ वाजता, अजून उजेड होता, ते निघाले. प्रत्येकाने मला जवळ घेतलं, टेव्हिटाने तर जमिनीवरून उचललं. एल्डन शेवटी. त्याने माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही. खालचा ओठ दाताखाली धरला. मग म्हणाला, आणि आवाज त्याचाच होता, पोरसवदा, पण बोलायची ढब गिरणीवरच्या माणसांची, "वेर्ना, तू घे म्हणालीस म्हणून झालं नाही ते. आम्ही तोंड उघडलं नाही म्हणून झालं. पोराला तू हो म्हणू नकोस, नाहीही म्हणू नकोस. त्याला आम्हाला विचारू दे." मग पापण्या दोनदा मिटल्या आणि म्हणाला, "मिसेस सबोल, ते कोबीचे पिरोगी माझ्या आईला शिकवाल का?" मी म्हटलं, शिकवेन की.

आता जे लिहायचं आहे ते इतकी पानं टाळलं. तू एप्रिलमध्ये मला एका ओळीचं पत्र पाठवलंस, की आजी, बाकी सगळ्यांना विचारून झालं, तू सांग, सही करू की नको. मी त्याचं उत्तर सात वेळा लिहिलं आणि सात वेळा चुलीत घातलं. कारण एकावन्न वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, ह्याच प्रश्नाचं उत्तर मी एकदा दिलंय. लिओला सही करायची नव्हती. नवी फळी त्याला भरवशाची वाटत नव्हती, त्याला गिरणीत परत जायचं होतं. त्याने मला विचारलं, आणि मी म्हटलं, घे तो करार. मला हे घर हवं होतं, व्हरांड्याचं. आम्ही दोघंच होतो खोलीत. त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, अकरा वर्षं खिडकीत बसून मलाही बोलून दाखवलं नाही, आणि मी तुझ्या आईला, फादरना, कुणालाही सांगितलेलं नाही, हे तू पहिला वाचतोयस. नेब्रास्काच्या पोराला ते कुणी सांगितलं असेल असं तुला वाटत असेल तर वाटू दे. मी तुला हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तू ये, त्यांच्यासमोर बस, स्वतः विचार, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून काय ते ठरव. नको वाटलं तर जेवणातून उठून जा, मी स्वतः तुझी बॅग गाडीत ठेवीन आणि पॅटीला सांगेन की तिच्या बापाला कुणी पाठवलं होतं. हे टपाल तुला शुक्रवारपर्यंत मिळेल, तेव्हा तिकीट काढायला वेळ आहे. ह्या गुरुवारी त्यांना क्लबचं काम आहे. मी दारात विचारलं, मग परत कधी, तर पाचही जण अंगणातून न वळता, एका श्वासात म्हणाले, एकोणतीस मे, गुरुवार, सहा वाजता.

तुझीच, पिठाच्या हातांची
आजी वेर्ना